मी मागितलेलं लेणं

भर उन्हातून आत पाऊल टाकावं आणि दगडाला तळहात लावावा, तर तो रांजणाच्या पोटासारखा गार लागतो. हा गारवा कागदावर कसा उतरवायचा ते मला कुणी शिकवलेलं नाही. माझी शाळा चौथीत संपली. 'नदी' लिहिताना अजून दरवेळी हात अडतो, वेलांटी पहिली द्यावी की दुसरी. अक्षराची तर गोष्टच सोडा. आमचे गुरुजी म्हणायचे, तुझी ओळ म्हणजे बाजाराला निघालेल्या बाया, एक पुढे, एक मागे, एक रस्त्याच्या खाली. तेव्हा तू जी कुणी हे वाचशील, माझी लेक नाहीतर लेकीची लेक, तिनं शुद्धलेखनाबद्दल मला आधीच माफ करावं. चुकलेल्या शब्दाला हसू नये असं मात्र मी म्हणणार नाही. एका शब्दाच्या चुकीला आमचं सगळं घर हसलं, आणि त्याच चुकीनं मला डोंगर दाखवले.

ही पातळशी वही माझी एकटीची नाही. तिच्या दुसऱ्या टोकाला ह्यांनी एक हिशेब लिहिलेला आहे. हे भोकरदनच्या तहसिलीत कारकून. दिवसभर उर्दूत लिहायचं, म्हणून घरचं काही लिहायचं झालं तरी हात उर्दूकडेच वळतो. उर्दू उजवीकडून चालते, त्यामुळे त्यांचं पहिलं पान ते माझ्या बाजूनं वहीचं शेवटचं. एकाच वहीत आम्ही दोघं दोन दारांनी शिरलो आहोत. त्यांचं लिहिणं दीड पानात आटोपलं. मी मात्र इकडून रमतगमत निघाले आहे.

माझं माहेर वऱ्हाडातलं, बुलढाण्याच्या बाजूचं. शाळेत आम्ही मुली तिघीच. एके दिवशी गुरुजींनी फळ्यावर डोंगर काढला, त्याच्या पोटात ओळीनं दारं काढली आणि सांगितलं, की इथून मावळतीला अशी लेणी आहेत. माणसांनी हातात छिन्नी घेऊन वरपासून खालपर्यंत डोंगर कोरला, खांब तेवढे राखले, आत दिवाणखाने केले, भिंतींवर चित्रं काढली. मला राहवेना. मी विचारलं, "गुरुजी, मग आतला दगड कुठं टाकला?" सगळा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. हातातल्या खडूकडे पाहत म्हणाले, "हे मला ठाऊक नाही, बाळ. तू जाशील तेव्हा विचारून ये." पाणी, शेण आणि पीठ यांच्याखेरीज मला कुणी सांगितलेलं ते पहिलंच काम होतं. ते मी जपून ठेवलं.

पुढे लग्न झालं. निजामाची हद्द लागली तिथं करोडगिरीच्या नाक्यावर जवानांनी माझी पेटी उघडून जकातीचं काही आहे का ते पाहिलं, आणि तेवढ्या वेळात मी दमणीचा पडदा दोन बोटं सरकवून डोंगर पाहून घेतले. काय ते डोंगर! शेंड्याला टोक म्हणून नाही. सुतानं खवा कापावा तसा माथा सपाट कापलेला, आणि खाली एकावर एक पायऱ्या. सासरी आल्यावर कळलं, की माळवदावर कुरडया वाळत घालायला चढलं की उत्तरेला तीच रांग दिसते. सकाळी ती धुतलेल्या निळीसारखी दिसे, दुपारी भाजलेल्या भाकरीसारखी, आणि दिवे लागायच्या आत जांभळाच्या रंगाची होऊन विझून जाई. त्या रेषेच्या पलीकडे म्हणे जमीन एकदम तुटते आणि खाली खानदेश पसरलेला आहे. तुटलेल्या जमिनीच्या काठावर उभं राहिलं तर कसं वाटत असेल? तिथं वारा खालून वर येत असेल का? लेण्यांची दारं इकडे तोंड करून असतील की तिकडे? माझ्या कुरडया पुष्कळदा जास्त वाळल्या, त्याचं कारण हे.

पण हे विचारणार कुणाला? मी मुळातच बोलण्यात चोरटी. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी दहा वाक्यं बोलावीत तेव्हा माझ्या तोंडून एक हुंकार निघे. ह्यांचंही तसंच. दोन मुकी माणसं एका ताटव्यात लावलेल्या दोन झाडांसारखी आपापली वाढत होती.

चौथ्या वर्षी ह्यांची नोकरी पक्की झाली. त्या दिवशी मी ताट वाढत होते, आणि हे ताटाकडे बघतच म्हणाले, "तुला काई पाह्यजे का? सांग की." असं कुणी मला त्याआधी कधी विचारलं नव्हतं. सगळा धीर गोळा करून मी म्हटलं, "एकदा लेणं पाह्यचंय."

ह्यांनी भात कालवला. मग म्हणाले, "बरं. बघू."

त्या एका 'बघू'वर मी तीन महिने तरंगत होते. आता यातली चूक सांगते. आमच्या शाळेत डोंगरात कोरलेल्या जागेला लेणं म्हणत. भोकरदनला तसं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. कोरीव काही दिसलं की इथली माणसं 'पांडवांचं घर' म्हणून मोकळी होत. अजिंठ्याला कुणी जाऊन आलं तर 'अजिंठ्याला गेल्तो' एवढंच. लेणं म्हणजे अंगावर ल्यायचं ते, लेणं-लुगडं यातलं. हे मला ठाऊक नव्हतं आणि माझ्या मनातलं ह्यांना ठाऊक नव्हतं.

संक्रांतीच्या आधी हे सरकारी कामाला जालन्याला गेले आणि येताना लाल कागदात गुंडाळलेली एक पुडी घेऊन आले. आत्याबाईंनी ती उघडली. आत सोन्याची बोरमाळ होती. आत्याबाई तिच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तोंडानं मागितलं न् गळ्यात पडलं. आमच्या जन्मात असं झालं न्हाई बाई." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते दारात उभे राहून समोरच्या कोनाड्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर असा काही उजेड होता, की आपल्याला हे नको होतं असं सांगायला जीभ उचलेना. त्या उजेडावर मी फुंकर कशी मारणार? मी माळ गळ्यात घातली आणि वाकून नमस्कार केला.

महिन्याभरानं मला कळलं की त्यासाठी ह्यांनी वन्संकडून नव्वद रुपये हाली, म्हणजे निजामाच्या नाण्यातले, उसने आणले आहेत. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. अजिंठ्याच्या अलीकडे एका खेड्यात त्यांचं घर. पती लवकर गेलेले, पदरात कौसी नावाची एकच लेक. ते नव्वद रुपये त्यांनी कौसीच्या लग्नासाठी एका डब्यात घालून ठेवलेले होते. कौसी तेव्हा लहान होती, म्हणून भावाला त्यांनी हसत हसत काढून दिले. पण माझ्या गळ्याला त्या मण्यांचा भार त्या दिवसापासून निराळाच लागू लागला. एका पोरीच्या लग्नाचा डबा रिकामा करून मी नटले होते, तेही न मागता. नदीवर धुणं धुताना बायका बोलायच्या. शेजारची एकजण एकदा मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "ती बोलत न्हाई ते बराबर हाय. वर्षात एकदाच बोलती, न् नव्वद रुपयांचं बोलती."

चैत्रात आमची केळना नदी आटली. नेहमीच्या जागी पाणी उरलं नाही, म्हणून आम्ही धुणी घेऊन खालच्या डोहाकडे जाऊ लागलो. एके दिवशी मी वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यानं उडालं आणि काठाच्या खडकापाशी झुडपात अडकलं. ते सोडवायला गेले तर झुडपाच्या मागे अंधार होता. नुसता खड्ड्याचा अंधार नव्हे. त्याला चौकट होती. मी वाकून आत गेले. बाहेर ऊन डोक्यावर आग ओतत होतं आणि आत शेरडांच्या लेंड्यांचा वास होता. कंबरेपर्यंत गाळात बुडालेले खांब ओळीनं उभे होते. भिंतीवर माणसं होती, पण पुरात इतकी धुतली गेलेली की वापरून झालेल्या साबणाच्या वडीसारखी, नाक नाही, डोळे नाहीत, फक्त उभं राहण्याची ऐट तेवढी राहिलेली. एका जागी अक्षरं होती. ती मराठी नव्हती, उर्दूही नव्हती. मी त्यांच्यावर तळहात ठेवला, आणि तो गारवा माझ्या कोपरापर्यंत चढला. हे कुणी लिहिलं असेल? त्याचीही ओळ अशीच वाकडी होती. त्यालाही कुणी हसलं असेल का?

मी धुणं तिथंच टाकून घराकडे पळाले. ओसरीवर आत्याबाई ज्वारी पाखडत होत्या. जन्मात बोलले नव्हते एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले, "आत्याबाई, नदीत लेणं सापडलं!"

आत्याबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. "कोणाचं गं? सोन्याचं का चांदीचं? हळू बोल, शेजारीण ऐकंल." शेजारणीनं ऐकलंच होतं. आम्ही डोहापाशी पोचेपर्यंत सहा-सात जणी पदर खोचून वाळू चाळत बसल्या होत्या. कुणीतरी तहसिलीतही निरोप पोचवला असावा, कारण हे टोपी हातात घेऊन घामाघूम होत आले. त्यांना वाटलं होतं माझीच माळ नदीत पडली. माझ्या गळ्यात ती दिसली तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

"मंग लेणं कुठाय?" आत्याबाईंनी विचारलं.

मी बोट दाखवलं. झुडूप बाजूला केलं. सगळ्या बायका वाकून आत पाहू लागल्या.

"अगं, हे तर पांडवांचं घर. हितं शेरडं बसतात. लेणं दाव की."

"आमच्या शाळेत ह्यालाच लेणं म्हणत," मी म्हणाले. आवाज पुन्हा होता तेवढाच झाला होता.

ह्यांनी त्या अंधाराकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याकडे, मग पुन्हा अंधाराकडे. "म्हंजे तवा तुला," ते म्हणाले, "हे पाह्यचं होतं?"

मी मान हलवली. मग आत्याबाई एका दगडावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "नव्वद रुपये! बापू, शेरडाचं घर फुकटात होतं की रे!" बायकाही हसू लागल्या, ती शेजारीणही. त्या हसण्यात पूर्वीची धार नव्हती. मागून घेणारी हा माझा लौकिक त्या दिवशी केळनेत वाहून गेला आणि वेडी हा नवा लौकिक आला. तो मला पुष्कळ बरा वाटला.

हे मात्र हसले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "तवाच बोलली का न्हाईस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं आणलं होतं."

मी माळ काढून पुढे ठेवली आणि म्हटलं, ही मोडा आणि वन्संचे पैसे देऊन टाका. त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली. "मोडली तर सोनार घट धरील. न् दिलेलं काय परत घ्यायचं. ताईचे पैसे मी फेडीन, कौसीच्या लग्नाआधी फेडीन." मग टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "न् ते दुसरं लेणं... बघू."

शब्द तोच होता, पण या खेपेला तो दोघांनाही सारखा कळला होता.

त्या साली दसरा झाल्यावर ह्यांनी आत्याबाईंना सांगितलं, ताईकडे पैसे पोचवायला जातो, हिलाही नेतो, दोघींची भेट होईल. भाड्याची दमणी केली. वाटेत अन्वा लागतं. गावात शिरताच हे गाडीवानाला म्हणाले, "बैलांना जरा पाणी दाखव." बैल सकाळी पाणी पिऊनच निघाले होते. आम्ही उतरलो आणि समोर ते जुनं देऊळ. इथली माणसं त्याला मढ म्हणतात. उंच ओट्यावर चढून गेलं की खांबांचं रानच. प्रत्येक खांब कातावर फिरवल्यासारखा, जणू लाटण्याचे मोठे भाऊ. बाहेरच्या भिंतीवर देवी उभ्या आहेत. दुरून सगळ्या एकसारख्या, जवळ गेलं की प्रत्येकीच्या हातातल्या वस्तू निराळ्या जागी, हिचा शंख इकडे तर तिचा तिकडे. एका मांडवाखाली जमलेल्या जावा-नणंदा, लुगडी एका ठाणातली पण स्वभाव वेगवेगळे. मी हळूच विचारलं, हे चुन्यावाचून कसं उभं राहिलं असेल? आणि हे, जे घरात तीन शब्दांवर चौथा बोलत नसत, ते मला दगडाला दगड खाचेत कसा बसवतात ते दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवू लागले. मी दगडापेक्षा त्या बोटांकडेच जास्त पाहिलं हे इथं लिहायला हरकत नाही.

संध्याकाळी वन्संच्या पुढ्यात ह्यांनी पाच रुपये ठेवले. परत आल्यावर ही वही विकत आणली आणि तिकडच्या टोकाला पहिली ओळ लिहिली.

अशा फेऱ्या सुरू झाल्या. वर्षातून तीनदा, कधी चारदा. दर खेपेला पाच रुपये आणि वाटेवरचं एक काहीतरी. एकदा घाटाच्या माथ्यावर गेलो आणि तुटलेल्या जमिनीच्या काठावर मी खरोखरच उभी राहिले. वारा खालूनच वर येतो. पदर डोक्यावर ठरत नाही. एकदा अजिंठा गावाची दगडी वेस पाहिली, तिच्या दाराचे खिळे माझ्या मुठीएवढे. आणि एकदा तर हे मला असईला घेऊन गेले. तिथं पूर्वी इंग्रज आणि मराठे यांची मोठी लढाई झाली होती. आता तिथं नुसती ज्वारी डोलत होती. लिंबाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं पदराच्या गाठीतून शिशाची एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. "नांगरताना निघती बाई अजून. आमची पोरं गोट्या खेळतात." बोराएवढी ती गोळी होती, पण केवढी जड! कुणाच्या छातीसाठी निघाली असेल आणि चुकून मातीत शिरली असेल? की चुकली नसेल? आजूबाजूला पाखरं उठत होती, राखणदार गोफण फिरवत होता आणि मातीला काहीसुद्धा आठवत नव्हतं. मी गोळी परत दिली. तसली वस्तू घरात ठेवू नये असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वन्संकडे पोचलो तेव्हा त्यांनी विचारलं, कसे आलात? गाडीवानानं खरं ते सांगून टाकलं. वन्सं कंबरेवर हात ठेवून भावाकडे पाहू लागल्या. "असईवरनं? मी राहती मावळतीला न् तू उगवतीला गेल्तास व्हय? बैलाला चकवा लागला का तुला?"

"तिकडं सरकारी काम होतं," हे म्हणाले आणि पायातल्या जोड्याकडे पाहू लागले.

"आन् हे पाच-पाच रुपये काय आणून राह्यलास? तुझा पगार ठाऊक हाय मला."

"खर्चा लई हाय, ताई."

मी आत चुलीपाशी होते. ह्यांचा खर्चा मला ठाऊक होता. पान नाही, तंबाखू नाही, दोन सदरे आणि एक टोपी. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. काही गोष्टी डोळ्यांच्या इतक्या जवळ असतात, की त्या दिसायला थोडं मागे सरावं लागतं.

पाच वर्षांपूर्वीची लहानगी कौसी पाहता पाहता वाढली आणि पौषात वन्संचा निरोप आला, की तिचं लग्न ठरलं, फाल्गुनात करायचं. निरोपात पैशाचा शब्द नव्हता. तोवर आमच्या तेरा फेऱ्या झाल्या होत्या. पासष्ट रुपये फिटले होते, पंचवीस राहिले होते. आता एवढे एकदम कुठून आणणार, या काळजीनं मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हे उठले. फळीवरची जुनी पेटी काढली आणि तिच्या तळातून एक कापडी पिशवी काढली. पिशवीला घातलेली गाठ इतकी जुनी झाली होती, की ती सोडायला दात लावावे लागले. आत मोजून पंचवीस रुपये होते.

मी त्या गाठीकडे पाहत राहिले. हे पैसे काल-परवाचे नव्हते. ते केव्हाच फेडता आले असते. दोन-चार खेपांत सगळं संपलं असतं. संपलं असतं तर दमणी कशासाठी निघाली असती? कारकुनाच्या बायकोनं डोंगर पाहायला जायचं, हे आत्याबाईंना, शेजाराला, गावाला काय म्हणून सांगितलं असतं? बहिणीचे पैसे पोचवायला जातो म्हटलं की कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. ह्या माणसानं पाच वर्षं कर्जाचा पडदा धरला होता आणि त्याच्या आडून मला एकेक करून सगळं दाखवलं होतं. ह्यांनी मान वर केली नाही. मी रिकामी पिशवी घडी करून ठेवली. पण मनात एक भीती उभी राहिली. अजिंठ्याचं लेणं अजून पाहिलं नव्हतं. पैसे फिटले की वाटही मिटणार.

माघात आम्ही शेवटचे निघालो. वन्संच्या घरी पोचल्यावर हे म्हणाले, "ताई, पैसे उद्या देतो. आधी सकाळी अजिंठ्याची लेणी बघून येऊ. कौसीलाबी घे. सासरी गेल्यावर कोण नेणार हाय तिला?" 'लेणी' हा शब्द त्यांनी जरा थांबून, माझ्याकडे न पाहता, आमच्या गुरुजींसारखा उच्चारला.

सकाळी दमणी घाट उतरली. पुढे नदीच्या पात्रातून पायी गेलो. दोन्ही बाजूंनी कडे जवळ येत गेले, नदीनं घोड्याच्या नालासारखं वळण घेतलं आणि वर पाहिलं तर उभ्या कड्याच्या मधोमध दारंच दारं. गुरुजींच्या फळ्यावरची! तशीच ओळीनं. माझे पाय तिथंच थांबले. शाळेत असताना खडूनं काढलेलं पुसलं गेलं नव्हतं, ते इथं येऊन राहिलं होतं.

आत काळोख होता. राखणीचा एक म्हातारा मुसलमान शिपाई दारात आरसा धरून बसला होता. बाहेरचं ऊन तो आरशात पकडून आत सोडी, आणि जिथं तो कवडसा पडे तिथं भिंत जागी होई. हत्ती उठत, झाडांना फळं लागत, कुणी राजा मान कलती करून काही ऐके. कवडसा पुढे सरकला की ते पुन्हा झोपी जात. एका जागी उजेड एका बाईच्या गळ्यावर थांबला आणि कौसी ओरडली, "मामी, तुमची बोरमाळ!" खरंच तिच्या गळ्यात गोल मण्यांची एक माळ होती, माझ्यासारखीच. वन्सं पुढे होऊन निरखून म्हणाल्या, "हिच्या घरच्यानं कोणाकडनं उसने घेतले असतील?"

त्या गुंफेत इतकं मोठ्यानं कुणी हसलं नसेल. हेही हसले. त्यांचं हसणं भिंतीला लागून परत आलं तेव्हा ते स्वतःच दचकले. आणि मला एकाएकी तो शब्द कळला. दोन शब्द नव्हतेच ते. डोंगरानं अंगावर ल्यायलेलं, ते लेणं. ह्यांनी जालन्याहून आणलेलं तेही चूक नव्हतं, मी मागितलेलं तेही चूक नव्हतं.

बाहेर पडताना मला माझं काम आठवलं. परक्या माणसाशी मी आपणहून कधी बोलले नव्हते. तरी शिपायापाशी थांबले आणि विचारलं, "बाबा, आतला दगड कुठं गेला?"

त्यानं आरसा खाली ठेवला. "बीस बरस से बैठा हूँ मैं यहाँ, ये किसी ने नै पूछा," तो म्हणाला. मग खाली पात्राकडे बोट दाखवलं. "नद्दी ले गई हुइंगी. थोडा थोडा करके."

थोडा थोडा करून. मी शेवटच्या खांबाला तळहात लावून उभी राहिले. तोच गारवा. काढून नेलेला दगड कुणी पाहिला नाही, त्याला कुणी नमस्कार करत नाही. पण तो गेला म्हणून ही जागा झाली, जिथं माणसाला उन्हातून येऊन टेकता येतं. आमचेही पाच-पाच रुपये असेच गेले होते. त्यांच्या जागी काय उरलं होतं ते मला तिथं उभं राहून दिसलं, आणि ते माझ्या पलीकडच्या खांबाला टेकून टोपीनं वारा घेत होतं.

संध्याकाळी ह्यांनी वन्संपुढे पंचवीस रुपये ठेवले. वन्संनी ते मोजले नाहीत. पदराच्या गाठीत बांधले आणि कौसीच्या डब्यात ठेवायला उठल्या. उठता उठता म्हणाल्या, "फिटले रे बापू समदे. आता वहिनीला कोणत्या बहाण्यानं आणशील?"

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. हे टोपी झटकू लागले. तेव्हा मीच म्हणाले, "वन्सं, आता तुम्हीच आमच्याकडून थोडे उसने घ्या. मंग वसुलीला येऊ." वन्सं दारातच थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि भावाला म्हणाल्या, "ही बोलायला शिकली रे."

घरी आल्यावर ह्यांनी ही वही काढली. तेरा ओळींखाली चौदावी लिहिली, आणि तिच्याखाली एकच शब्द. मी विचारलं, काय लिहिलं? त्यांनी माझं बोट धरून उजवीकडून डावीकडे त्या अक्षरांवरून फिरवलं. "बेबाक," ते म्हणाले. "म्हंजे सगळं फिटलं, बाकी काई राह्यलं न्हाई." मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "उरलेली पानं तुझी."

ती उरलेली पानं आता संपत आली. हे माझं शेवटचं पान त्यांच्या शेवटच्या पानाच्या पाठीला लागलं आहे. उलटलंस की ती चौदावी ओळ दिसेल आणि खाली तो शब्द. तुला उर्दू येत नसली तरी त्याच्यावर एकदा तळहात ठेवून बघ. मी रोज ठेवते. वैशाखातसुद्धा तेवढी जागा गार लागते.